एकवीस नंबरचा डिफेन्समन

बोर्ये साल्मिंगला बघायला कोणी आलंच नव्हतं. १९७२ साल सरत आलं होतं. टोरोंटो मेपल लीफ्स या आइस हॉकी संघाचा एक स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारा, गेरी मॅकनमारा, स्वीडनला गेला होता तो एका गोलकीपरसाठी. तो गोलकीपर नेमका जायबंदी निघाला. एवढ्या लांब आलोच आहोत तर रिकाम्या हाताने कशाला परतायचं, म्हणून मॅकनमारा येव्ले या गावी ब्रीनेस संघाचा सामना बघायला जाऊन बसला. समोर कॅनडातून दौऱ्यावर आलेला बॅरी फ्लायर्स हा धसमुसळा संघ. इंगे हामरस्ट्रोम नावाचा फॉरवर्ड त्याच्या नजरेत भरला, पण त्याहून जास्त भरला तो एक शिडशिडीत डिफेन्समन, साल्मिंग. अंगावर आलेल्याला तो तितक्याच ताकदीने उलट भिडत होता. शेवटी रेफरीशीच वाजलं आणि त्याला सामन्याबाहेर काढलं. मॅकनमारा उठला, थेट ड्रेसिंग रूममध्ये गेला आणि त्याने विचारलं, टोरोंटोला खेळायला येशील का? तो हो म्हणाला.

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमध्ये पाय रोवणाऱ्या स्वीडिश डिफेन्समनांची परंपरा सुरू झाली ती अशी. आता २०१८ सालचं बघा. रास्मस दालीन, स्वीडनचाच डिफेन्समन, वय १८. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमात, पहिलं नाव त्याचंच पुकारलं जाणार, हे कित्येक महिने आधी हॉकीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं. त्याच्या प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण झालेलं, किती वेळा पक, म्हणजे बर्फावरची रबरी चकती, कुठून कुठे नेला याची मोजदाद झालेली. बफेलो सेबर्सने त्याचं नाव घेतलं तेव्हा कोणाला आश्चर्य वाटायचं कारणच नव्हतं. व्यवस्था म्हणून ही पद्धत चांगलीच आहे. कोणाचं नशीब दुसऱ्याच्या दुखापतीवर अवलंबून राहत नाही. तरी ड्रेसिंग रूमच्या दारात उभा राहून थेट प्रश्न विचारणारा तो स्काउट मला मनापासून आवडतो. त्याने जे बघितलं ते स्वतःच्या डोळ्यांनी, आणि ठरवलं ते तिथल्या तिथे.

साल्मिंग मूळचा किरुनाचा. स्वीडनच्या अगदी वरच्या टोकाला, आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडे, लोखंडाच्या खाणीवर जगणारं हे गाव. वडील सामी वंशाचे, खाणीत कामाला. बोर्ये पाच वर्षांचा असताना ते खाणीतल्या अपघातात गेले. थोरला भाऊ स्टिग, तोही डिफेन्समनच. त्याच्या मागोमाग बोर्ये ब्रीनेसमध्ये आला आणि १९७१ व १९७२ अशी दोन वर्षं स्वीडनचं विजेतेपद घेऊन बसला. ते किरुना आता जागेवर राहिलेलं नाही. खाण खोल जात गेली, जमीन खचू लागली, म्हणून अख्खं गावच हलवायला घेतलं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथलं लाकडी चर्च उचलून, चाकांवर ठेवून पाच किलोमीटर नेलं. ते दृश्य टीव्हीवर बघताना मला पहिल्यांदा आठवण झाली ती साल्मिंगची.

मी टोरोंटोत आलो ते सत्तरच्या दशकात. हॉकी म्हणजे मैदानातली, ध्यानचंदांची, एवढंच तेव्हा आम्हा मराठी मंडळींना ठाऊक. शनिवारी रात्री सीबीसीवर 'हॉकी नाइट इन कॅनडा' लागायचं आणि थंडीमुळे घरात कोंडलेले आम्ही चारदोन जण बेसमेंटच्या बिऱ्हाडात ते बघत बसायचो. पक दिसायचाच नाही. खेळाडूंचे चेहरे मात्र दिसायचे, कारण डोक्यावर हेल्मेट फार थोड्यांच्या. साल्मिंगचे लांब केस मागे उडत असायचे, हनुवटी पुढे काढलेली, आणि काठी एका हातात धरून तो अंगावर येणाऱ्याला खांद्याने बाजूला सारायचा. एकवीस नंबर पाठीवर नसता तरी ओळखू आला असता. आज खेळाडू शिरस्त्राण आणि काचेआड असतो. त्याला ओळखायचं ते नंबरावरून, नाहीतर स्केटिंगच्या ढबीवरून.

डिफेन्समन म्हणजे काय, तर मैदानी हॉकीतल्या फुलबॅकचा बर्फावरचा भाऊ. एका वेळी दोघे बर्फावर. काम मुळात अडवण्याचं: समोरच्याला बोर्डावर, म्हणजे रिंकच्या कडेच्या भिंतीवर, दाबायचं, गोलीसमोरची, म्हणजे गोलकीपरसमोरची, गर्दी हटवायची, शॉट अंगावर घ्यायचा. ही चौकट मोडली बॉस्टनच्या बॉबी ऑरने. डिफेन्समन असून १९७० आणि १९७५ मध्ये तो लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा ठरला. सर्वोत्तम डिफेन्समनची नॉरिस ट्रॉफी त्याने ओळीने आठ वर्षं घेतली. आणि गुडघे कामातून गेल्यामुळे वयाच्या तिसाव्या वर्षी, १९७८ मध्ये, त्याला खेळ सोडावा लागला. साल्मिंग लीगमध्ये आला तो या ऑरच्या ऐन भरातल्या दिवसांत. डिफेन्समनने पक घेऊन पुढे सुटायचं असतं हे प्रेक्षकांना एव्हाना पटलेलं होतं. ते एखादा स्वीडिश करू शकेल, हे मात्र पटायचं होतं.

त्या काळी कॅनडात युरोपियन खेळाडूंबद्दल एक ठाम मत होतं: पोरं स्केटिंग सुरेख करतात, पण अंगावर गेलं की पळतात. 'चिकन स्वीड' ही शिवी सर्रास चालायची. लीफ्सचा मालक हॅरोल्ड बॅलार्ड तर साल्मिंगबरोबरच संघात आलेल्या स्वतःच्याच हामरस्ट्रोमबद्दल बोलला होता, की हा खिशात अंडी घेऊन कोपऱ्यात गेला तरी एकही फुटायचं नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये साल्मिंगचा पहिला सामना बफेलोशी झाला, तो लीफ्सने जिंकला. पाठोपाठ फिलाडेल्फियाची वारी. फिलाडेल्फिया फ्लायर्स म्हणजे त्या वेळची सगळ्यात मारकुटी टोळी, आणि या परदेशी पोराला पिटाळून लावायचं असा त्यांचा सरळ बेत. काठीचे फटके, कोपरं, ठोसे. साल्मिंग पळाला नाही. पुढची सोळा वर्षं तो टोरोंटोतच खेळला.

आम्हाला तो आपला का वाटायचा, हे तेव्हा कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आज सांगता येतं. त्या दिवसांत आम्हालाही या शहरात रस्त्यात, बसस्टॉपवर नावं ठेवली जायची. आम्ही मान खाली घालून पुढे जायचो, आणि शनिवारी रात्री हा माणूस मान वर करून खेळताना बघायचो. तो गोरा, आम्ही सावळे. त्याचं दुःख आणि आमचं दुःख एक नव्हतं. पण बाहेरून आलेल्याने दुप्पट सिद्ध करायचं असतं, हे दोघांनाही लागू होतं.

१९७६ च्या एप्रिलमध्ये प्लेऑफला पुन्हा फिलाडेल्फियाच समोर आलं. टोरोंटोतल्या सामन्यात मेल ब्रिजमनने साल्मिंगला अक्षरशः बदडलं. प्रकरण इतकं चिघळलं की ओंटारियोच्या ॲटर्नी जनरलने फ्लायर्सच्या काही खेळाडूंवर फौजदारी गुन्हे दाखल केले. पुढच्या सामन्यात साल्मिंग पुन्हा बर्फावर उतरला, आणि बर्नी पॅरेंटसारख्या गोलीला चकवून त्याने गोल केला. लीफ्सचं घरचं स्टेडियम, मेपल लीफ गार्डन्स, उभं राहिलं. ती मालिका लीफ्स हरले. पण त्याच वर्षी सप्टेंबरात कॅनडा कपसाठी स्वीडनचा संघ त्याच गार्डन्समध्ये आला आणि पिवळ्या जर्सीतल्या साल्मिंगचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा टोरोंटोचे प्रेक्षक उठून टाळ्या वाजवू लागले ते थांबेचनात. यजमान कॅनडा, स्पर्धा देशादेशांची, आणि त्यांनी उभं राहून मान दिला तो पाहुण्यांच्या डिफेन्समनला. तीन वर्षांपूर्वी याच शहरातले लोक त्याच्या धाडसाबद्दल शंका घेत होते.

आता त्याच्या खेळाबद्दल. मला आजही जे डोळ्यांसमोर येतं ते त्याचं स्वतःच्या गोलामागे पक घेऊन उभं राहणं. समोरचा संघ दमून आपल्या बाजूला वळलेला असायचा. साल्मिंग जाळ्यामागे क्षणभर थांबायचा, मान उचलून सगळा रिंक नजरेखालून घालायचा, जोडीदार इयन टर्नबुल कुठे आहे ते बघायचा, आणि मग दोनतीन लांब ढांगांत सुटायचा. हे नुसतं त्याचं सौंदर्य नव्हतं. नियमच तसा होता. आपल्या निळ्या रेषेमागून दिलेला पास मधली तांबडी रेषा ओलांडून पलीकडे गेला तर शिट्टी वाजायची. म्हणजे लांबचा पास बंद. पक वर न्यायचा तर कोणीतरी तो काठीवर घेऊन न्यायलाच हवा. जो डिफेन्समन तो नेऊ शकायचा, त्याला सोन्याची किंमत. त्यात एनएचएलचा रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, युरोपातल्या रिंकपेक्षा चांगलाच अरुंद. येव्लेच्या ऐसपैस बर्फावर शिकलेल्या साल्मिंगला इथे वळायलाही जागा कमी. तरी त्याने वाट काढली, आणि काढतच राहिला.

२००५ मध्ये हा दोन रेषांचा नियम रद्द झाला. त्याच सुमारास काठी अडकवणं, जर्सी धरणं यावर रेफरी कडक झाले. खेळ एकदम मोकळा झाला, आणि वेगवान. आज डिफेन्समन गोलामागे पक घ्यायला वळतो तेव्हा दोन फॉरवर्ड त्याच्या पाठीवर आलेले असतात. त्याला मागे न बघता आधीच ठरवावं लागतं, की पक कोणत्या बाजूने, कोणाला, बोर्डावरून की सरळ. पाऊण मिनिटाची शिफ्ट, त्यात चार वेळा हाच प्रसंग. काठी लाकडाची राहिली नाही, कॉम्पोझिटची आहे. पूर्वी जो शॉट फक्त थोड्या ताकदवानांना जमायचा तो आता मनगटाच्या झटक्यात सुटतो. मी हे सगळं कौतुकानेच सांगतो आहे. आजचा सर्वसाधारण डिफेन्समन स्केटिंगमध्ये, तयारीत, चपळाईत त्या काळच्या सर्वसाधारण डिफेन्समनच्या फार पुढे आहे. जुने सामने परत बघितले की काही खेळाडू किती जड पायांनी फिरायचे ते ध्यानात येतं. साल्मिंग मात्र त्या चित्रफितींमध्येही आजचा वाटतो.

शरीराची किंमत ही त्या काळची सगळ्यात कडू बाजू. १९७८ च्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क आयलंडर्सशी झुंजताना काठी त्याच्या डोळ्याला लागली आणि उरलेली मालिका त्याला बसून काढावी लागली. सातव्या सामन्याच्या जादा वेळेत लॅनी मॅकडोनल्डने गोल केला, लीफ्स जिंकले. साल्मिंग त्या संघाचा कणा, आणि त्या रात्री तो बर्फावर नव्हता. नोव्हेंबर १९८६ मध्ये याहून भयंकर घडलं. गोलीसमोरच्या झोंबाझोंबीत तो खाली पडला आणि डेट्रॉइटच्या जेरार्ड गॅलंटच्या स्केटचं पातं त्याच्या चेहऱ्यावरून गेलं. कपाळापासून डोळ्याशेजारून तोंडापर्यंत जखम. दोनशेहून अधिक टाके. सुजलेल्या चेहऱ्यावर त्या टाक्यांची काळी शिवण, असा त्याचा फोटो वर्तमानपत्रात आला. आमच्या घरात तो मुलांपासून लपवून ठेवला होता. त्याच मोसमात तो परत खेळला, आणि आता चेहऱ्यावर काच लावून.

ते दिवस परत यावेत असं मी कधीच म्हणणार नाही. जुन्या हॉकीची आठवण काढणारे माझ्या वयाचे अनेक जण या रक्ताचंही गुणगान करतात, ते मला पटत नाही. हेल्मेटची सक्ती आली ती १९७९ मध्ये, तीही नव्याने करार करणाऱ्यांनाच. उघड्या डोक्याने खेळणारा शेवटचा खेळाडू १९९७ पर्यंत टिकला. डोळ्यांवरच्या काचेची सक्ती नव्या खेळाडूंना २०१३ मध्ये लागू झाली. २०२३ मध्ये इंग्लंडातल्या शेफील्डला ॲडम जॉन्सनचा गळा स्केटने कापला जाऊन तो गेला, आणि मग कुठे गळ्याच्या पट्ट्याचा विचार सगळीकडे सुरू झाला. एनएचएलमध्ये २०२६-२७ पासून नव्याने येणाऱ्यांना तो बांधावाच लागणार आहे. प्रत्येक सुधारणा कोणाच्या तरी जखमेनंतर. साल्मिंगचा तो चेहरा बघूनही अख्खी लीग कितीतरी वर्षं ढिम्म राहिली, याचा मला आजही राग येतो.

आणि निष्ठा. १९७९ मध्ये लॅनी मॅकडोनल्डला संघाने दुसऱ्या संघाला देऊन टाकलं, तेव्हा कप्तान डॅरिल सिटलरने जर्सीवरचं कप्तानाचं अक्षर उसकटून काढलं. १९८२ मध्ये सिटलरही गेला. बॅलार्डच्या लहरीवर चालणारा तो संघ ऐंशीच्या दशकात तळाला गेला, आणि साल्मिंग तिथेच, तोच एकवीस नंबर घालून, दर हिवाळ्यात. लीफ्ससाठी १,०९९ सामने, १४८ गोल, ६२० असिस्ट. असिस्टचा हा आकडा लीफ्सच्या इतिहासात अजून कोणी ओलांडलेला नाही. स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, नाही. नॉरिस ट्रॉफीही नाही. १९७७ आणि १९८० मध्ये तो दुसरा आला, दोन्ही वेळा माँट्रियालच्या लॅरी रॉबिन्सनच्या मागे. शेवटचा एक मोसम डेट्रॉइटला, मग मायदेशी स्टॉकहोमच्या एआयकेकडे. १९९२ च्या अल्बर्टव्हिल ऑलिंपिकमध्ये तो चाळिशीत स्वीडनकडून खेळला.

आजचा डिफेन्समन असा वर्षानुवर्षं हरणाऱ्या संघात राहणार नाही, आणि त्याने राहावं तरी का? त्याला एजंट आहे, करार संपला की मुक्त होण्याचा हक्क आहे, पगाराच्या मर्यादेचा हिशेब आहे. त्या काळी खेळाडूच्या हातात फारसं काहीच नसायचं. निष्ठेत थोडी असहायताही मिसळलेली असायची. तरी प्रेक्षक म्हणून आमचं भलं झालं. आमची मुलं शाळेत जाऊ लागली, आम्ही बेसमेंटमधून वरच्या मजल्यावर आलो, पुढे घरं घेतली, आणि तोवर टीव्हीवर तोच माणूस.

लीफ्सचा मेपल लीफ गार्डन्समधला शेवटचा सामना फेब्रुवारी १९९९ मध्ये झाला. कार्लटन स्ट्रीटवरची ती पिवळ्या विटांची इमारत उभी आहे. खाली आता किराणामालाचं मोठं दुकान आहे आणि वरच्या मजल्यावर विद्यापीठाचा रिंक. दुकानात जमिनीवर एक तांबडा ठिपका रंगवलेला आहे. रिंकचा मध्य तिथे होता. त्या ठिपक्यावरून लोक ढकलगाड्या नेतात. पूर्वी कॉलेज स्टेशनला उतरून, थंडीत कान झाकत, शेकडो जण त्या दारांकडे चालत यायचे. नवं स्टेडियम सरोवराच्या बाजूला आहे, चकचकीत, उबदार. तिकीट काढायचं तर साध्या कुटुंबाला महिन्याचा खर्च आधी बघावा लागतो. त्याच्या बाहेर जुन्या खेळाडूंच्या पुतळ्यांच्या रांगेत साल्मिंगही उभा आहे. नव्या काळाचं एक मात्र मला मनापासून भावतं: २००८ पासून हॉकीचं धावतं वर्णन पंजाबीतूनही होतं. माझ्या शेजारच्या आजी ते ऐकत सामना बघतात, आणि त्यांना ऑफसाइड माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

साल्मिंगने ज्या दारातून धक्के खात प्रवेश केला, ते दार आता सताड उघडं आहे. निकलस लिडस्ट्रोमने सात नॉरिस ट्रॉफ्या घेतल्या. कप्तान म्हणून स्टॅनली कप उचलणारा, युरोपात जन्मून तिथेच घडलेला पहिला खेळाडू तोच. एरिक कार्लसनने तीन, व्हिक्टर हेडमनने एक. मोजून अकरा नॉरिस ट्रॉफ्या स्वीडनमध्ये गेल्या, आणि त्यातली एकही साल्मिंगची नाही.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये त्याला एएलएस हा मज्जासंस्थेचा असाध्य आजार झाल्याचं जाहीर झालं. नोव्हेंबरात तो टोरोंटोला आला तेव्हा वाचा गेलेली होती, हात उचलत नव्हते. सिटलरने त्याचा हात धरून वर केला. दुसऱ्या रात्री, व्हँकुव्हरविरुद्ध, प्रशिक्षक शेल्डन कीफने सुरुवातीला बर्फावर उतरवलेले सहाच्या सहा खेळाडू स्वीडिश होते. गोलकीपरसुद्धा. १९७३ मध्ये टोरोंटोत असं काही होईल म्हणणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं. बारा दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, साल्मिंग गेला. तो ७१ वर्षांचा होता.

त्याच्या जाण्यानंतर मी आजच्या डिफेन्समनांकडे जास्त निरखून बघू लागलो. क्विन ह्यूज आणि कोलोराडो संघाचा केल मकार. मकार मूळचा कॅल्गरीचा, २०२२ च्या एकाच मोसमात नॉरिस ट्रॉफी, स्टॅनली कप आणि प्लेऑफमधला सर्वोत्तम खेळाडू हा मान, तिन्ही त्याच्याकडे. ह्यूज अंगाने लहानखुरा. साल्मिंगच्या काळात याला कोणी डिफेन्सला उभंही केलं नसतं. आणि बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. साल्मिंगचा जाळ्यामागचा जो थांबा हरवला असं मला वाटत होतं, तो हरवलेला नाही. त्याची जागा बदलली आहे. स्वतःच्या गोलामागे थांबायला आता सवड नाही, पण हे दोघे समोरच्या संघाच्या निळ्या रेषेवर पक घेऊन थांबतात. अंगावर माणूस येतो, हे मागच्या मागे सरकतात, खांदा एकीकडे दाखवून दुसरीकडे घसरतात, मान वर, आणि अख्खा बचाव त्यांच्यासोबत फिरायला लागतो. परवा ह्यूज असाच रेषेवर आडवा निघाला होता आणि मी खुर्चीतून उठून त्याला मराठीत बजावत होतो, थांब, देऊ नकोस एवढ्यात. त्याने दिला नाही. आणखी अर्धी फेरी मारली आणि मग शॉट घेतला.